कोक-साय पोलिसांची गुप्त परीक्षा

सोमवार, ९ सप्टेंबर
कोक-सायला पोचलो. वेषांतर: मधाचा व्यापारी. आठवडाभर इथल्या प्रांतिक पोलिसांची परीक्षा घ्यायची, कुणाला सुगावा लागू द्यायचा नाही. अहवाल कडक झाला तर मूल्यमापन विभागाचा प्रमुख मीच, असं राजधानीत साहेबांनी जवळजवळ कबूल केलं आहे. (म्हणाले, "बघू.")
बूबू आपांच्या घरी खोली घेतली. म्हातारी संशयास्पद. दारातच म्हणाली, "मध घ्यायला आलात? बुटांना एवढं पॉलिश करून?" मी हसलो. व्यापारी हसतात.
निश्चय: कुणाकडचं काही खायचं नाही. (संध्याकाळी आपांचा पुलाव. दोनदा घेतला. नाही म्हटलं असतं तर संशय आला असता.)

मंगळवार, १० सप्टेंबर
परीक्षा सुरू. माझी नक्षीची लोकरी टोपी, कल्पाक, चोरीला गेल्याची खोटी तक्रार दिली. खरा कल्पाक खोलीत, गादीखाली, पायाच्या बाजूला. डोक्याची टोपी पायाशी कुणी ठेवत नाही. म्हणूनच तिथे कुणी शोधणार नाही. लग्नात सासऱ्यांनी स्वतःच्या हाताने घातलेला आहे. रविवारी त्यांची सत्तरी. कल्पाक डोक्यावर नसेल तर घरात पाऊल टाकू नका, असं बायकोने बजावलं आहे.
चौकीत हवालदार सायराग्यूल. आधी चहा दिला. (लाच?) मग नक्षी विचारली. मुद्दाम "हिरवी" म्हणालो. खरी काळी आहे. आता हिरवा 'सापडला' की हे लोक पुरावे बनवतात हे सिद्ध. "रोज कुठे ठेवता हो?" तिने विचारलं. "उंचावर," मी म्हणालो. ती लिहायची थांबली आणि माझ्याकडे बघत राहिली. बूबू आपांची पुतणी आहे म्हणे. नातीगोती!

बुधवार, सकाळ
गादी उचलली. कल्पाक नाही.

बुधवार, दुपार
पलंग, शेगडी, बॅग, पुन्हा पलंग. नाही. पोलीसच खोलीत शिरले, शंका नाही. तक्रार द्यायला निघालो, तर लक्षात आलं, ती कालच दिली आहे. याला म्हणतात दूरदृष्टी. फक्त नक्षी चुकीची.
जेवताना आपा म्हणाल्या, "पाहुणे, तुमची वस्तू वर आहे." म्हणजे प्रकरण वरपर्यंत पोचलं! वर म्हणजे कोण? इथले कर्नल ओरोझबेक? मंत्रालय? मान खाली घालून जेवलो.

गुरुवार, १२ सप्टेंबर
सायराग्यूल घरी आली. म्हणाली, "साहेब, हिरव्या नक्षीचा कल्पाक अख्ख्या कोक-सायमध्ये नाही. काळ्या नक्षीचा एक आहे. चालेल?" व्यापाऱ्याला साहेब? आणि भलत्याचाच माल माझ्या गळ्यात? ठणकावून सांगितलं, चालणार नाही. "बघून तरी घ्या, वरच..." मी हात दाखवून थांबवलं. वरच्यांची नावं मला ऐकायची नाहीत. अहवाल निष्पक्ष हवा.
आतून आपा ओरडल्या, "अगं, राहू दे. त्याचं डोकं रिकामं आहे." टोपी नाही या अर्थी.

शुक्रवार, १३ सप्टेंबर
बायकोचा फोन आला, आधी आपांनीच उचलला. बाबा कल्पाकाची चौकशी करतायत म्हणाली. "पोलिसांच्या ताब्यात, सुरक्षित आहे," म्हणालो. खोटं कुठे आहे?
बाजारात तसाच एक बघितला. पण आत सासऱ्यांनी घातलेला लाल टाका आहे, ते नेमका तोच बघतात.
अहवाल लिहायला घेतला. तपास: शून्य. सचोटी: शून्य. वरपर्यंत हात: निश्चित.
कर्नलचा निरोप आला. उद्या आपांकडेच मला निरोपाचं जेवण, मेंढी कापणार. मध न घेतलेल्या व्यापाऱ्याला! योजना: मुख्य पाहुणा म्हणून मेंढीचं डोकं माझ्यापुढे आलं की लाचेचा पुरावा पूर्ण. तिथेच उभा राहून ओळख जाहीर करणार.

शनिवार, १४ सप्टेंबर
मेंढीचं डोकं आपांपुढे गेलं. मी अर्धा उभा राहिलो होतो, पुन्हा बसलो. त्यांनी सुरीने एक कान कापला आणि माझ्या हातावर ठेवला.
म्हणालो, कान तर लहान पोरांना देतात.
"देतातच," आपा म्हणाल्या. "मोठ्यांचं ऐकायला शिकावं म्हणून. चार दिवस सांगतेय, बाळा, वर बघ!"
वर बघितलं. मी रोज जिथे जेवायला बसतो, बरोबर त्याच्या वर, भिंतीवरच्या रानबोकडाच्या शिंगावर माझा कल्पाक. लाल टाक्यासकट.
"पायाशी ठेवतं का कुणी? अंथरूण झटकताना सापडला, मी उचलून टांगला."
सायराग्यूल म्हणाली, "मंगळवारी सकाळी, साहेब. तुमच्या तक्रारीच्या आधी. आपांनी मला तेव्हाच फोन केला होता."
कर्नल गालात हसत म्हणाले, "चोरी नोंदवायच्या आधीच छडा लागला, एसेनबाय साहेब. याला राजधानीत किती गुण देतात? की खोट्या तक्रारीचं बघू आधी?"
तक्रार मागे घेतली. तपास: पैकीच्या पैकी. सचोटी: तीही.
कान खाल्ला. थोडा चिवट होता.

रविवार, १५ सप्टेंबर
सासऱ्यांची सत्तरी. कल्पाक डोक्यावर. टाका बघून झाला. सगळं सुरळीत.
कोक-सायची गोष्ट इथे कुणाला कळणं शक्यच नाही, अशी खात्री करून पंगतीला बसलो. बायको कुणाशी तरी फोनवर बोलत होती. "हो ना, आपा," म्हणत होती, आणि हसत होती.
सासऱ्यांनी मेंढीचं डोकं पुढे ओढलं, सुरी घेतली आणि पंगतभर नजर फिरवली. घरात सात नातवंडं आहेत.
आठवड्यातला हा दुसरा कान.