पातं उघडं ठेवायचं

रवि. १४ ऑगस्ट ८८, देवपूर
काल शिरपूरकडच्या एका विहिरीत प्रेत काढायला माझा धाकटा भाऊ उत्तम उतरला. तिथलाच एक म्हातारा, कठड्यावरून पाय घसरून पडलेला. उत्तमने दोर बांधला, मी वरून ओढला, पंचनामा झाला, घरी आलो. सगळं रीतसर. आज सकाळी त्याची पाण्यात न्यायची सुरी पाहतो तर म्यानात तशीच, ओली! आग मस्तकात गेली.
विहिरीचं मचूळ पाणी, त्यात कुजलेलं माणूस, आणि त्यावर हा धाकटा म्हणतो, "भाऊ, स्टेनलेस शे ना ती." म्हटलं, भांडीवाला सांगतो ते तू ऐक. जिला धार धरते ते पोलाद गंजतंच. न गंजणारी सुरी लोणीसुद्धा कापत नाही.
हसला. त्याला मी बोललो की हसू येतं.
उजवा कान ठणकतोय. डॉक्टर म्हणाले पडदा गेलाय, पुन्हा पाण्याखाली गेलात तर दुसराही जाईल. नौदलातली नोकरी जिथे घालवली ते पाणी आता मला बंद. मी वर दोर धरून उभा, खाली भाऊ. हे काही बरोबर वाटत नाही.

गुरु. १८ ऑग.
पात्यावर मुठीजवळ तांबूस ठिपके. रॉकेलमध्ये बुडवून ठेवली, मग बारीक पॉलिश पेपर, हलक्या हाताने, एकाच दिशेने. दातेरी बाजू जुन्या ब्रशने. मूठ सोडवून आतला स्क्रू पुसला. खरा गंज तिथेच लपून बसतो. मग शिलाई मशिनचं तेल, थेंबभर, फडक्याने पुसून घेतलेलं. तेल दिसता कामा नये, नुसतं लागलेलं असावं.
उत्तमला शेजारी बसवून सगळं त्याच्याच हाताने करवून घेतलं. नौदलात कोचीनला आमचा चीफ आम्हाला म्हणायचा तेच म्हटलं: आधी गोड्या पाण्यात धू, कोरडी कर, तेल लाव, आणि म्यानात कधी ठेवू नको. म्यान पायाला बांधायच्या वेळी. बाकी वेळ पातं उघडं, हवेशीर.
सिंधू, म्हणजे माझी बायको, आतून म्हणाली, "इतकी काळजी माझ्या हाताची घेतली असती तर भेगा पडल्या नसत्या."

शनि. ३ सप्टें.
पांझरेला पाणी बरं आहे. उत्तमला डोळे बांधून कंबरभर पाण्यात उभा केला, पायाला जुनं जाळं गुंडाळलं. सुरी काढ, काप, परत म्यानात घाल. पुन्हा. पुन्हा. पुलावरून पोरं हसत होती. शेवटी चिडला. "मी रिक्षा चालाडस भाऊ, लढाई नही."
पण जमलं त्याला. अंगठ्याने पट्ट्याचं बटण उडवतो, आणि सुरी हातात. माझ्यापेक्षा चपळ आहे. त्याला सांगितलं नाही, डोक्यावर बसेल.

रवि. ९ ऑक्टो.
मंगळवारी घट बसणार, म्हणून मायने अख्खं घर उलथंपालथं केलं. गोधड्या, डबे, फळ्या, माळ्यावरचं भंगार, सगळं अंगणात. धुणं, पुसणं, उन्हात टाकणं. मला कामावर जायचंच निमित्त बरं वाटलं.
संध्याकाळी आलो तर कपाटावरची सुरी नाही. माय म्हणाली, घासली, धुतली, घालून ठेवली. म्हटलं म्यानात का घातलीस? "घरमा उघडं पातं ठेवतस का? भांडनं व्हतस." तिला म्हटलं, अगं गंजेल. "तेल लायेल शे मी. आते काय गंज लागस त्याले?"
शिलाई मशिनजवळ तेलाची बाटली असतेच, तेच लावलं असणार. बरं केलंस म्हटलं. पालथ्या घड्यावर पाणी घालून तरी काय उपयोग. नवरात्र तिचं, राहू दे.

बुध. १९ ऑक्टो. खंडेनवमी
देवापुढे विळा, कोयता, पाना, उत्तमच्या रिक्षाची किल्ली, आणि मधोमध सुरी, म्यानासकट. हळदकुंकू, झेंडूचं फूल. माय वाकून नमस्कार करते तेव्हा अगदी लहान दिसते.
तिचा दंडक: पूजेतलं हत्यार सोनं वाटेपर्यंत म्यानाबाहेर काढायचं नाही. "वर्षमा एक दिन तरी हत्यारले आराम दे." उत्तमने तिच्या पायावर हात ठेवून शब्द दिला. त्याला मायला खूष करायला फार आवडतं. धाकटा तो धाकटाच.
मी उद्या संध्याकाळी काढून पुसणार आहे. नवरात्रात एकही बोलावणं आलं नाही, देवीची कृपा.

गुरु. २० ऑक्टो. दसरा
सकाळीच हवालदार जीप घेऊन दारात. भडगावपुढे गिरणेवर बंधाऱ्याखाली जाळ्यासकट माणूस अडकलाय, मासे धरणारा. घरचे काठावर बसून आहेत.
माय कुरकुरली, मग तीच म्हणाली, "मेलं मानूस पानीमा ठेवू नही. जाय." सुरी तिनेच उचलून उत्तमच्या हातात दिली.
जीप उभी आहे. आल्यावर लिहितो.

रवि. २३ ऑक्टो.
उत्तम गेला.

सोम. २४ ऑक्टो.
लिहिलं नाही तर डोकं फुटेल.
गिरणेचं पाणी गढूळ, बंधाऱ्याखाली भोवरा. उत्तम काठावर पट्टा बांधत होता. उतरण्याआधी सुरी एकदा काढून पाहायची, हा आमचा नेम. म्हटलं, काढ. म्हणाला, "भाऊ, मायले शबद देयेल शे. गरज पडनी तवयच काढसु." शेजारी त्या मेलेल्या माणसाची आई छाती पिटत होती. तिच्यासमोर दोघा भावांनी सुरीवरून काय वाद घालायचा. मी दोर हातात घेतला.
तो खाली गेला. दोर सरळ होता. मग लागोपाठ झटके. ओढला. हवालदार आणि गावची माणसं धावली, सगळ्यांनी ओढला. खालून कोणी धरून ठेवल्यासारखा. जाळं आधीच त्या माणसाला धरून बसलेलं, त्यात आता हाही.
कोणाचा तरी विळा घेऊन मी उडी मारली. हवेचा सिलेंडर एकच, तो त्याच्या पाठीवर. श्वास पुरेना, दिसत काही नाही. वर, खाली, पुन्हा वर, खाली. कानात काहीतरी फुटलं. कापलं जाळं. उशिरा कापलं, तोवर त्याची हवा संपलेली.
दोघांना शेजारी शेजारी काठावर निजवलं. त्याच्या म्यानाच्या पट्ट्याचं बटण उघडं होतं. सुरी आतच. उजव्या हाताची नखं फाटलेली.

शुक्र. २८ ऑक्टो.
पोलिसांनी वस्तू परत दिल्या. घड्याळ, पाण्याखालचा मुखवटा, सुरी.
सगळे निजले तेव्हा नाही, भर दुपारी, अंगणात, म्यान पायात धरून सुरी ओढली. निघेना. मूठ हातातून निसटायची. शेवटी पकडीत धरून, म्यानाला भिंतीचा टेकू देऊन हिसकली तेव्हा आली.
पात्यावर तपकिरी चिकट थर, डिंकासारखा. खाली गंज, खरवडून निघतो असा. नाकाशी धरली. गोडंतेल. शेंगदाण्याचं, आपल्या भाजीतलं.
मशिनजवळची बाटली पाहिली. बुचावर धूळ.
ओल्या म्यानात, ओल्या पात्यावर गोडंतेल चोपडून, वर बंद करून ठेवलं मायने. घट बसायच्या आधीपासून दसऱ्यापर्यंत. ऑक्टोबरचं ऊन. ते तेल सुकून लुकण होतं, पातं म्यानाला चिकटतं, हे मला माहीत आहे. तिला कसं माहीत असणार? ती विळ्याला, कोयत्याला जन्मभर हेच लावत आली. आणि विळा काही म्यानात ठेवत नाहीत.
तिने काळजीने लावलं. हे मी आज दहा वेळा मनात म्हटलं, तरी राग जात नाही. तिचा राग येतो, मग माझा, मग त्या उत्तमचा, शब्द पाळणाऱ्याचा.
सुरी रॉकेलमध्ये टाकली. का टाकली? आता कोणासाठी?

मंगळ. १ नोव्हें.
तेरावं झालं. माय जेवली नाही. पाहुणे पांगले तशी माझ्याजवळ येऊन बसली.
"त्यानी सुरी त्याना जोडेच व्हती ना रे?"
म्हटलं, हो, पायालाच होती.
"मंग त्यानी ती काब्र नही काढी?"
ते ‘का’ ऐकताच मी उठून मोरीत हात धुवायला गेलो. हात स्वच्छच होते.

शनि. ५ नोव्हें.
सिंधूला सांगितलं. सगळं, तेलाचंही. ती रडली, मग पदराने तोंड पुसून म्हणाली, "त्यांना सांगाल तर घरातून दुसरी अंत्ययात्रा निघेल." मीही तेच धरून बसलोय. सुरी घासली, आता लखलखीत आहे. कागदात गुंडाळून ट्रंकेत, कपड्यांच्या तळाशी.
उजव्या कानाने आता काही ऐकू येत नाही.

बुध. ९ नोव्हें.
आज दिवाळी, गल्लीत फटाके. आमच्या दारात पणती नाही.
माय भिंतीला टेकून बसली होती. मला वाटलं झोपली. एकदम बोलायला लागली, कोणाशी ते कळेना.
"मी सांगं म्हनीसन त्यानी काढी नही. मना शबदनी मारं त्याले."
इतके दिवस ती हे धरून बसलीय! की पोराने आईचा शब्द मोडायचा नाही म्हणून, जाळ्यात गुदमरतानाही, सुरीला हात लावला नाही.
तसं नाही गं माय. त्याने बटण उडवलं होतं. जीव तोडून ओढली त्याने. तुझा शब्द त्याने मोडला, बरं केलं मोडला.
हे सगळं ओठांवर आलं. आणि मग ती विचारणार, ओढली तर आली का नाही. त्यापुढे माझ्याजवळ उत्तर एकच आहे.
नुसता तिच्या पाठीवरून हात फिरवला. हाडं हाताला लागतात.

सोम. १४ नोव्हें.
माय देवाला दिवा लावत नाही. कारण विचारलं तर म्हणते देवाला तोंड कोणतं दाखवू, पोराला शब्दात अडकवून मारलं मी. चहा, तोही सिंधूने तोंडाला लावला तर. डॉक्टर घरी आले, शक्तीच्या गोळ्या देऊन गेले. शक्ती कशासाठी पाहिजे ते त्यांना काय सांगणार.
एक खोटं मोडावं तर त्याखाली त्याहून वाईट खरं. इकडे आड, तिकडे विहीर. मशिनचं तेल लावलं होतं असं सांगू? झटक्याने अडकली, दगड घुसला असं सांगू? ती भोळी आहे, खुळी नाही. आणि मी खोटं बोललो की उत्तमला कळायचं, मायला तर कळणारच.

रवि. २० नोव्हें.
आज सकाळी माय आपण होऊन अंगणात आली. बाजेवर माझ्या डाव्या बाजूला बसली, ऐकू येणाऱ्या कानाकडे. तिला कळलंय माझं.
"खरं सांग. त्यानी हात लायेल व्हता का सुरीले?"
तिच्याकडे पाहवेना. म्हटलं, हो माय. पट्टा उघडला होता. खूप ओढली त्याने.
तिने डोळे मिटले. तोंडावरचा ताण उतरताना मी पाहिला. इतक्या दिवसांनी पहिल्यांदा. "मना शबद मोडा त्यानी," असं म्हणाली, आणि हसली. खरंच हसली. मग पदर तोंडावर धरून हमसून हमसून रडली. मी तिला धरून बसलो. मला वाटलं, सुटलो, एवढ्यावर भागलं.
रडणं ओसरलं. नाक पुसलं तिने.
"मंग निंघनी काब्र नही?"
तेवढ्यात सिंधू चहा घेऊन आली. माय बशीत ओतून, फुंकर घालून प्यायली, सगळा. आणि कप खाली ठेवून माझ्याकडे पाहत बसली आहे. मी हे लिहितोय, ती अजून तिथेच आहे.