विदेशी गेले, देशी आले

शेंदूरजनाघाट, मंगळवार, दिवेलागण

हे गेले, अन् मांगं ठिबक सिंचनाच्या कंपनीचे शेअर ठेवून गेले. विकू का ठेवू? देर कंपनीचा कागद वाचून म्हणे, “वैनी, तीन महिन्यांत विदेशी फंडायनं हिस्सा विकला, देशी फंडायनं घेतला.”

म्या म्हटलं, “भाऊजी, मंग यातलं येडं कोन?”

त्यायनं कागद माह्यापुढं सरकवला. मले तरी कुठं समजते? संत्र्याचा एक व्यापारी सौदा सोडून गेला अन् दुसरा आला, तं मी झाडाखाली जाऊन फळांची गळ पाहतो. कंपनीच्या झाडाखाली कशी जाऊ?

पण त्याच कंपनीच्या नळ्या आपल्या बगीच्यात हायेत! सकाळी पाहतो. फुटल्या नसतीन तं शेअर ठेवतो. अन् अर्ध्या फुटल्या, अर्ध्या चांगल्या निघाल्या तं? मंग येडी मीच.