आधी ब्रेक

अहो,

गाडी मी आष्ट्याला धनाजी मिस्त्रींकडे नेलीय. आज कामावर मोटरसायकलनं जा, डबा ओट्यावर आहे. गाडीचा वेग वाढवायला आणलेला तुमचा मोठा टर्बो दिवाणाखाली सुखरूप ठेवलाय. आधी ब्रेक आणि टायर चांगले बसवा, मगच टर्बोला हात लावा, असं मिस्त्रींना सांगणार आहे. फोनवर तुम्ही मला वाक्य पुरं करू दिलं नसतं, म्हणून चिठ्ठी.

काल गाडी धुताना पाहिलं, तुमच्या शेजारच्या सीटपुढची मॅट एकाच जागी भोक पडेपर्यंत झिजलीय. बरोबर उजव्या पायाखाली. तिथं आबांशिवाय बसतं कोण? तुम्ही वळणावर गाडी दामटता आणि तुमचे वडील तिकडं नसलेला ब्रेक दाबत असतात. गावभर मात्र सांगत फिरतात, "आमच्या विश्वजितच्या गाडीला लय पिकअप हाय."

मी विचारलं, तर म्हणाले, "त्याला बोलू नगंस पोरी. म्हातारा भ्याला म्हणंल, आन् मला न्ह्यायचंच बंद करंल."

मी शब्द दिला होता, तो आज मोडला. तुम्ही तरी त्यांना काही विचारू नका. ब्रेक मिस्त्रींनीच सुचवले म्हणा. आणि रविवारी सांगलीला निघताना त्यांना नुसती हाक मारा. तुम्ही किल्ली उचलली की ते चपला घालून दारात उभे राहतात आणि तुम्ही बोलवायची वाट बघतात. तुमचं लक्ष गाडीकडं असतं, म्हणून सांगितलं.

अपेक्षा