बाल्कनीतून दिलेलं उत्तर

आबा,

आज दुपारच्या नाटकाला जाऊन आले. एकटीच गेले होते. बाल्कनीतली पहिली रांग, कठड्यावर हात टेकता येतात ती. खालचं, पुढचं तिकीट मिळत होतं, पण वरून सगळा रंगमंच दिसतो हे तुम्हीच लावलेलं खूळ, ते आता सुटत नाही. मध्यंतरात वडा खाल्ला. तुम्ही असता तर म्हणाला असता, "नाटकापरीस वडाच बरा हाय."

तुम्ही पहिल्यांदा नाट्यगृहात आलात तो दिवस आठवायचं मी किती वर्षं टाळत आले. मी शहरात, राजारामपुरीत खोली घेऊन कॉलेज शिकत होते. तुम्ही सकाळचं दूध डेअरीत घालून गावाहून, कोडोलीहून एसटीनं आलात. कडक इस्त्रीची टोपी, खांद्यावर नवा टॉवेल, पिशवीत माझ्या मैत्रिणींसाठी भाजलेल्या शेंगा. त्याआधी तुम्ही नाटकं पाहिलेली ती जत्रेतली, शाळेपुढं फळ्या टाकून केलेली. तिथं नटानं लोकांकडं बघून काही विचारलं की लोक उत्तर देतात, आणि ज्याला कुणी उत्तर देत नाही तो नट पडला असं समजतात. हे मला ठाऊक होतं. पण तुम्ही ते इथंही कराल हे काही माझ्या डोक्यात आलं नाही.

दुसऱ्या अंकात सासरच्यांनी घराबाहेर काढलेली सून हातात बोचकं घेऊन पुढं येते आणि विचारते, "आता मी कुठं जाऊ?" सगळं नाट्यगृह गप्प. आणि तुम्ही उठून उभे.

"कोडोलीला ये की, पोरी. घर हाय, म्हशी हायत, उपाशी न्हाय ऱ्हायाचीस."

काय हसले लोक. माझ्या मैत्रिणी तर खुर्चीतून घसरायच्या बेतात होत्या. त्या बाईनं मान वर करून एकदा तुमच्याकडं बघितलं आणि पुढचं वाक्य घेतलं. माझे कान तापले होते. नाटक सुटल्यावर जिन्यातच मी तुमच्यावर उखडले. "आबा, ही जत्रा न्हाय. इथं गप बसायचं असतंय. लाज काढली माझी."

तुम्ही चिडला नाहीत. तुम्हाला नवलच वाटलं. "आगं, एवढी माणसं बसल्यात. बाई इचारतीया कुठं जाऊ, आन एकबी बोलंना. बरं दिसतंय व्हय ते?"

"ते खोटं असतंय, आबा."

"खोटं आसंल की. पर इचारलं तर हुतं."

त्यानंतरही तुम्ही येत राहिलात, मला आवड म्हणून. तिसरी घंटा झाली, दिवे मंदावले की खांद्यावरचा टॉवेल काढून त्याचं टोक तोंडावर धरायचा, ते पडदा पडेपर्यंत. मला दिसत होतं. "काढा तो टॉवेल" म्हणायला हवं होतं. म्हणाले नाही. खरं सांगायचं तर मला हायसंच वाटायचं.

मग माझं लग्न झालं, गगनबावड्याकडं दिलंत, आणि चौथ्या वर्षी एक दिवस मी एक बॅग घेऊन तिथल्या स्टँडवर उभी होते. डेअरीतल्या फोनवर तुम्हाला बोलावून घेतलं. "आबा, आता मी..." एवढंच म्हणाले. तुम्ही पुढचं बोलूच दिलं नाहीत.

"घरला ये की, पोरी. घर हाय, म्हशी हायत."

तेच शब्द. काय झालं विचारलं नाहीत, चार माणसं काय म्हणतील ते काढलं नाहीत. मी स्टँडवर रडता रडता हसायला लागले, तर तिकडचा कंडक्टर बघतच राहिला. आज माझी नोकरी आहे, घर आहे, मनाला येईल त्या रविवारी मी नाटकाला जाते. हे सगळं त्या एका उत्तरावर उभं आहे, आबा. जिन्यात ज्याच्यासाठी तुम्हाला बोलले, तेच ते उत्तर. तुम्ही होतात तोवर हे तोंडानं कधी सांगितलं नाही.

आजच्या नाटकात बोचकं नव्हतं. जीन्स घातलेली मुलगी, भाड्याची खोली सोडून आलेली, सुटकेसवर बसून समोर बघत म्हणाली, "जाऊ तरी कुठं?" नाट्यगृह तसंच गप्प झालं. माझा हात आपोआप तोंडाकडं गेला. मी तो खाली घेतला आणि म्हणाले, "कोडोलीला ये."

शेजारच्या बाईंनी वळून विचारलं, "काय म्हणालात?"

ही चिठ्ठी तिकिटासोबत पर्समध्येच राहणार आहे, म्हणून खरं काय ते लिहून टाकते. मी त्यांना म्हणाले, "काही नाही."