अकराव्या चेहऱ्याचा खाका

मी, खाली सही करणारी, वय अठ्ठ्याहत्तर, धंदा भिंती रंगवणे, शिक्षण चौथी नापास, लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत. हे मी कोणाच्या दबावाखाली लिहीत नाही. एकदाच दबले होते, ते कलम चारमध्ये आहे.

१. राहते घर मुलगा आणि मुलगी यांना निम्मे निम्मे. स्वयंपाकघर सुनेच्या वाटणीत यावे. तिथे मी तिला वीस वर्षे धड उभे राहू दिले नाही.

२. रंगाची खोली, शिड्या, परांची आणि कुंचले मुलीच्या मुलीला. कुंचले केस वर करूनच ठेवायचे, हे तिला एकदाच सांगावे लागले. मुलाने परांची आपल्या कंत्राटावर उचलून नेऊ नये.

३. माझी चित्रे. संग्रहालयाचे एक साहेब येऊन विचारत होते, "आजी, तुमची चित्रं ठेवलीत कुठं?" म्हटले, "बाहेर. आत्ता एकाला टेकून उभे होतात." कोणाला हवी असतील तर भिंतीसकट न्यावीत. लोक त्यांच्यावर जाहिराती चिकटवतात, थुंकतात, त्यांच्या सावलीला बसतात. रस्त्यावर काढले की एवढे सोसायचेच.

४. बसथांब्यामागची भिंत. शिलाई कारखान्याच्या आगीत अकरा बायका गेल्या. नगरपालिकेने त्यांचे चेहरे काढायचे काम मला दिले. अकराही काढले. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी अध्यक्ष म्हणाले, अकरावी नको. दार बाहेरून कुलूपबंद असते अशी लेखी तक्रार आगीआधी तिनेच केली होती आणि कारखान्यावर खटला चालू होता. मी नाही म्हटले. संध्याकाळी मुलगा आला. "आई, एका चेहऱ्यापायी माझं नगरपालिकेचं कंत्राट जाईल. घर कशावर चालवू?" मी त्या चेहऱ्यावर फुलांची कुंडी काढली. भिंतीवर दहा राहिल्या.

मनात हिशेब असा होता: चेहरा तेलरंगात आहे, कुंडी नुसत्या सरसाच्या रंगात काढू. वर पत्रा आहे, पाऊस लागणार नाही. खटला संपला की ओल्या फडक्याने कुंडी पुसायची, खाली बाई शाबूत. तिच्या आईलाही तसे सांगितले, "थोडा धीर धर." ती वीस वर्षे धरते आहे.

पण बाहेरची भिंत म्हटली की माझा हात आपोआप जवसाच्या तेलाच्या बाटलीकडे जातो. त्या संध्याकाळीही गेला आणि कुंडीच्या रंगात तेल पडले. रंग पक्का बसला. तीन वर्षांपूर्वी खटला संपला तेव्हा बादली घेऊन गेले. फडके फाटले, कुंडी हलली नाही. कोपरा खरवडला तर कुंडीबरोबर बाईचा कान निघाला. मी घरी आले आणि कोणाला सांगितले नाही. तिच्या आईला तर नाहीच.

अकराव्या चेहऱ्याचा खाका, म्हणजे सुईने भोके पाडलेला कागद, माझ्या गादीखाली आहे. तो भिंतीला लावून कोळशाच्या पुरचुंडीने थोपटला की चेहरा ठिपक्यांनी उमटतो. माझ्या मृत्यूनंतर नातीने कुंडी पूर्ण खरवडून चेहरा पुन्हा काढावा. तेव्हा शिडी मुलाने धरावी. धरली नाही तर घरातला त्याचा वाटा बहिणीला जावा.

दुरुस्ती. साक्षीदार क्रमांक दोन, म्हणजे अकरावीची आई, हिला वाचता येत नाही म्हणून वरचे सगळे वाचून दाखवले. कलम चारला ती उठून दारापर्यंत गेली. परत आली.

"तू मेल्यावर?" म्हणाली. "आणि मी आधी गेले तर?"

मी म्हटले, "माझा हात थरथरतो. चेहरा बिघडेल."

"बिघडू दे. मला ओळखता येईल."

चेहरा काढून होईपर्यंत अंगठा देणार नाही म्हणाली. म्हणून कलम चारमधले 'माझ्या मृत्यूनंतर नातीने' हे शब्द मी खोडले आहेत. त्या जागी 'उद्या सकाळी सात वाजता मी' असे वाचावे. मुलाला निरोप गेला आहे. उत्तर आलेले नाही.

स्थळ: रंगाची खोली.
दिनांक: ९ मार्च, मंगळवार.

सही: (केली आहे. वाकडी असली तरी माझीच.)

साक्षीदार १: खालच्या मजल्यावरचे औषधवाले. सही.
साक्षीदार २: अकरावीची आई. अंगठा उद्या, भिंतीपाशी.