माठातलं पाणी

प्रिय मनिषा,

फोनवर तू मला धड बोलूच देत नाहीस. 'गप गं' म्हणतेस आणि विषय बदलतेस. म्हणून हे पत्र. आता निमूट वाच.

आपल्या शेतावर यंदा हुरड्याला पुन्हा पहिल्यासारखी माणसं येऊ लागलीत! लातूरहून, नांदेडहून लोक फोन करून जागा आहे का विचारतात. मागचं काही अजून विसरता येत नाही. आमच्या टाकीच्या पाण्यानं हुरड्याला आलेली तुझ्या शाळेतली सगळी शिक्षक मंडळी उलट्या-जुलाबांनी आडवी झाली, तू तर सलाईनवर होतीस, आणि आमचं नाव मोबाइलवरून गावोगाव गेलं. आम्ही टाकी पाडून नवी बांधली, पाणी तपासून घेतलं. तरी कोणी फिरकेना. यांनी तर कमालच केली. 'लोक भिऊन राहिले, आपणच सांगू की' म्हणत मुखेड रस्त्यावर हा मोठा फलक लावला: 'आता इथे कोणी आजारी पडत नाही.' ज्यांना काहीच माहीत नव्हतं, तेही वाचून गाडी माघारी वळवू लागले! मी कपाळावर हात मारून घेतला. शेत विकून लेकाकडे, सत्यमकडे पुण्याला जायचं, इथवर आमचं बोलणं गेलं होतं.

आणि गेल्या येळवसला, शेतातल्या अमावास्येच्या सणाला, तू आलीस. बोलवायचं धाडस मला झालं नव्हतं, तरी तुझ्या सासूबाईंना आणि लेकीला, तनुजाला घेऊन आलीस. वाटलं, भांडायलाच आली. मी घाईघाईनं सीलबंद बाटल्या पुढे केल्या. तू त्या बाजूला सारल्यास, कडब्याच्या कोपीजवळच्या माठात तांब्या बुडवलास आणि घटाघटा प्यायलीस. मग लेकीला पाजलंस. वर आंबील, शेंगा-पालेभाज्यांची भज्जी, हुरडा, सगळं पोटभर. पुढच्याच रविवारी तुझ्या शाळेतली तीच मंडळी आली आणि त्यांच्यामागून बाकीचे.

तुला वाटतं, तू लोकांची भीती घालवलीस. खरं सांगू? तो माठ नुसता दाखवायला भरलेला असायचा. तपासणीचा कागद भिंतीवर, आणि आम्ही दोघं बाटलीतल्या पाण्यावर! तू गेल्यावर यांनी माठातून तांब्या भरला, मग मी. दोघंही येड्यासारखे रडलो गं.

तुझे उपकार मोठे आहेत, मनिषा. येळवस जवळ आलीय. कंधारच्या बाजारातून नवा माठ आणलाय, अजून कोणी त्यात तांब्या बुडवलेला नाही. पहिलं पाणी तू प्यावंस, म्हणून हे लिहिलं. येताना बाटली आणू नकोस.

वाट पाहणारी तुझीच,
सिंधू