दत्ता जाधवच्या मृत्यूचं कारण

५ जुलै २००९, रविवार
इथे आठवडा रविवारी सुरू. ऑफिसात आता अकरापैकी सहा जण. रिकाम्या खुर्च्या काल कोणीतरी उचलून नेल्या, त्यामुळे निदान डोळ्यांसमोर तरी नाहीत. काम तेवढंच. अमेरिकेतल्या एका राज्यात माणसं मरतात, त्यांचे दाखले स्कॅन होऊन इथे दुबईत, मरीनाच्या एका टॉवरच्या एकविसाव्या मजल्यावर येतात, आणि मी मृत्यूच्या कारणाला कोड देते. (राज्याचं नाव बाहेर सांगायचं नाही असा करार, म्हणून इथेही नाही.) हृदयविकार पहिला, कॅन्सर दुसरा. मंदी सुरू झाल्यापासून मी गळफास आणि गोळ्यांचे दाखले मनात वेगळे ठेवायला लागलेय. मर्सी, आमची सुपरवायझर, म्हणाली, "एक महीने से ट्रेंड नहीं बनता, मधुरा. पाँच साल रुक."
आज चार दाखले क्वेरी लावून परत पाठवले. डॉक्टरांनी नुसतंच ‘कार्डिअ‍ॅक अरेस्ट’ लिहिलेलं. ते कारण नव्हे. हृदय सगळ्यांचंच थांबतं. कशामुळे, ते लिहा.
नवऱ्याच्या, शिरीषच्या कंपनीत परत कपातीची यादी येणार म्हणे. या वर्षी सुट्टीत पुण्याला गेलो नाही. लेक, इरा, दिवसभर घरात, कंटाळून गेलीये.

९ जुलै, गुरुवार
दत्ता गेला.
शि. पाचलाच घरी आला. सेफ्टी शूज घालूनच सोफ्यावर. मला वाटलं नोकरी गेली. क्षणभर तेच वाटलं, लिहून ठेवते. मग म्हणाला, "दत्ता जाधव गेला. साइटवर पडला. हॉस्पिटलात नेला, पण..."
दत्ता, शि.च्या साइटवरचा सळ्या बांधणाऱ्यांचा फोरमन. विट्याजवळचा. छत्तीस वर्षांचा. गेल्या वर्षी आमच्या गणपतीचं मखर त्यानंच बांधलं, बाइंडिंग वायरनं, एकही खिळा न मारता. इरानं फक्त "दत्ताकाका? हाउ?" एवढं विचारलं. शि. आंघोळीला गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही.

१२ जुलै, रविवार
बॉडी पाठवायची म्हणून कागद जमवणं चाललंय. दाखला अरबी-इंग्रजी. घरच्यांना मराठीत समजावून सांग म्हणून शि.नं माझ्या हातात दिला.
कारण: कार्डिअ‍ॅक अरेस्ट. प्रकार: नैसर्गिक.
त्याखाली काही नाही. रकाना कोरा.
वाचून तसाच परत दिला. हात मात्र सवयीनं लाल पेन शोधत होता.

१४ जुलै, मंगळवार
बॉडी गेली. संध्याकाळी दत्ताच्या बायकोचा, सुनंदाचा फोन. शि.च्या मोबाइलवर आला, त्यानं माझ्याकडे दिला. रडली नाही. म्हणाली, "ताई, कागदावर काय लिवलंय?"
सांगितलं. हृदय बंद पडलं, असं लिहिलंय.
"त्येंच्या छातीत कवा दुखलं न्हाई ताई. जाताना मेडिकल झालं हुतं. फिट म्हनून सांगितलं हुतं."
तिनंच पुढे विचारलं,
"मग एकाएकी कसं बंद पडलं?"
मी म्हटलं, विचारून सांगते. का म्हटलं कोण जाणे. पण म्हटलंय.

१७ जुलै, शुक्रवार
सकाळी चहा घेताना विचारलं.
"किती वाजता पडला?"
"दीड."
"दुपारी दीड? साडेबारा ते तीन उन्हातलं काम तर कायद्यानंच बंद असतं ना?"
"मला माहीत आहे साडेबारा ते तीन."
मग हळूहळू सगळं आलं. शुक्रवारी सकाळी काँक्रीट येणार होतं, सळ्या बांधून व्हायच्या होत्या. तारीख चुकली तर क्लायंट प्रोजेक्टच गुंडाळेल, प्रोजेक्ट मॅनेजरचं म्हणणं. अर्धाच तास, यल्ला, आटपा. दत्तानं टोळीतल्या सगळ्यांना खाली सावलीत पाठवलं, एका माणसाला घेऊन स्वतः वर राहिला. शि. खालून बघत होता. आधी दत्ता काहीतरी असंबद्ध बोलायला लागला, मग पडला.
"रिपोर्टात काय लिहिलंय?"
"एसी रेस्ट रूममध्ये बसलेला असताना चक्कर आली."
"कोणी लिहिलं?"
"मॅनेजरनं लिहिलं." थांबून, "सही माझी आहे."
सोळा वर्षांचा संसार. हा माणूस दुकानदारानं जास्त सुटे दिले तर परत जाऊन देतो.
इरा कानात हेडफोन घालून बसली होती, पण गाणं सुरू नव्हतं.

१९ जुलै, रविवार
मर्सीला सांगितलं. कंपनीचं नाव नाही, बाकी सगळं. जेवणाच्या सुट्टीत, तिच्या डब्यातली भेंडी खात. ती म्हणाली, "दाखला बदल सकता है. लेकिन सिर्फ डॉक्टर, जिसने देखा. तू रोज क्या करती है? क्वेरी भेज."
घरी येऊन साध्या कागदावर आपल्याच ऑफिसच्या साच्यात लिहिलं. मृताचं नाव, वय, तारीख. नोंदलेलं कारण. त्यामागचं मूळ कारण कळवावे. खाली माझं नाव लिहिताना थांबले. मी कोण? नातेवाईक नाही. कंपनीची नाही. नुसतं ‘परिचित’ लिहिलं.

२३ जुलै, गुरुवार
हॉस्पिटल, तिसरी खेप. दोनदा रिसेप्शनवरूनच परत. आज डॉक्टर भेटल्या. केरळच्या, पन्नाशीच्या, डोळ्यांखाली काळं. कागद उभ्यानंच वाचला.
"आप कौन हैं?"
सांगितलं. काम काय करते तेही सांगितलं. त्यांनी चष्म्यावरून बघितलं.
"फॅमिली का लेटर लाइए. तब फाइल खोलूँगी. उससे पहले एक शब्द नहीं."
बरोबरच आहे त्यांचं. पण ‘खोलणार नाही’ असं त्या म्हणाल्या नाहीत. बाहेर पार्किंगमध्ये स्टीअरिंग हाताला चटका देत होतं, तरी मला बरं वाटत होतं.

३ ऑगस्ट, सोमवार
सुनंदाचं पत्र फॅक्सनं आलं. विट्याला जाऊन तिनंच केला. सही, शाळेतल्या मुलीसारखी, एकेक अक्षर सुटं. खाली दोन साक्षीदार.
मग फोनवर बोललो. सासरे नको म्हणतात. गेला तो गेला, आता कशाला कागद नाचवायचे. तिला विचारलं, "तुम्हाला स्वतःला काय वाटतं?"
"ताई, गावात म्हनत्यात पिऊन मेला. दुबईला ग्येलेली समदीच पित्यात म्हनं. त्यांनी कवा हात लावला न्हाई." जरा थांबली. "आन् हितल्या डॉक्टरनं सांगितलं, बापाचं काळीज असं बंद पडलं तर पोरींची पन तपासनी करा. थोरली तवापास्नं पळायला भिती. पयली यायची पळण्यात."
हे ऐकून मात्र माझा सगळा धीर गेला आणि परत आला. आता हे सोडायचं नाही.

९ ऑगस्ट, रविवार
डॉक्टरांनी फाइल उघडली. मला दाखवली नाही, स्वतः वाचली. नर्सच्या पहिल्या नोंदीत ताप बेचाळीस, म्हणजे आपल्याकडचा एकशे सातच्या वर. त्वचा कोरडी, गरम. शुद्ध नाही.
डॉक्टरांनी पान पुन्हा वाचलं. "यह हार्ट नहीं है," म्हणाल्या. इंग्रजीत पुढे जे बोलल्या त्याचा अर्थ असा: त्या दिवशी एकामागून एक केसेस, फॉर्म दुसऱ्यानं भरला, सोबत कंपनीचा कागद होता की माणूस एसी खोलीत बसलेला असताना पडला. एसीत बसलेल्या माणसाला उन्हाचा झटका कसा लागेल, म्हणून कोणी तिकडे गेलंच नाही.
"सही तो मेरी है," म्हणाल्या. दुसऱ्यांदा ऐकतेय हे वाक्य मी एका महिन्यात.
दुरुस्तीचा अर्ज त्या करतील. पण फाइलीत एसी खोली आहे तोवर आरोग्य खात्याचं वरचं ऑफिस विचारणार. तिथे हजर असलेल्या माणसाचं लेखी हवं. तो कुठे होता, किती वेळ, पडण्याआधी कसा वागत होता.
"कोई मिलेगा?"
म्हटलं, बघते.

१३ ऑगस्ट, गुरुवार
चार दिवस शि.ला यातलं काही सांगितलं नाही. भीती मलाही वाटते, उगाच मोठेपणा नको. कंपनीचा व्हिसा. नोकरी गेली की थोडेच दिवस, मग घर, शाळा, सगळं खलास. महिनाअखेरीला यादी. सप्टेंबरात इराचे नववीचे वर्ग सुरू. काल आंघोळ करताना चक्क विचार आला की डॉक्टरांना फोन करून ‘कोणी मिळालं नाही’ सांगावं.
आज सांगितलं. शि. ऐकून घेत होता.
"तुला कळतंय ना काय मागतेयस?"
"हो."
"यादीच्या पंधरा दिवस आधी?"
"हो."
"आणि नाही म्हटलं तर?"
तर काय, मला खरंच माहीत नव्हतं. तसंच सांगितलं.
इरा दारात उभी होती. "बाबा, वेअर यू देअर?"
शि. म्हणाला, "हो."
"देन व्हाय इज आई डूइंग इट?"
इरा खोलीत गेली. दार आपटलं नाही, हळू लावलं. ते जास्त लागलं.

१८ ऑगस्ट, मंगळवार
शि. ऑफिसातून येताना बर दुबईच्या देवळात जाऊन आला. कधी जात नाही एकटा. प्रसादाची पुडी ओट्यावर ठेवली.

२३ ऑगस्ट, रविवार
गणपती बसले. कालपासून रमजानही, त्यामुळे ऑफिस दोनला सुटलं, निवांत मोदक झाले. मखर या वर्षी थर्माकोलचं, मीना बाजारातून आणलेलं.
आरतीनंतर शि. जेवणाच्या टेबलाशी बसून लिहीत होता. तीन कागद फाडले. चौथा माझ्यापुढे ठेवला. इंग्रजीत, त्याच्या ड्रॉइंगवरच्या अक्षरात. वेळ, जागा, कोणी सांगितलं, मी कुठे उभा होतो. शेवटची ओळ: आधीच्या रिपोर्टवर मी सही केली, तो चुकीचा होता.
"आधी मॅनेजरला देणार," म्हणाला. "पाठीमागून नको. मग तू डॉक्टरांना दे."
मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्यानं तो काढला नाही, एवढंच.

२५ ऑगस्ट, मंगळवार
मॅनेजर कागद वाचून म्हणाला म्हणे, "हबीबी, यू आर अ गुड मॅन." मग कागद ड्रॉवरमध्ये टाकला. शि.कडे आणखी दोन प्रती होत्या. एक मी डॉक्टरांकडे पोचवली. त्यांनी शिक्का मारून पोच दिली, न मागता.

१ सप्टेंबर, मंगळवार
यादी आली. शि.चं नाव आहे.
बावीस जणांची आहेत. त्यातल्या एकवीस जणांनी काही लिहून दिलं नव्हतं. तेव्हा कागदामुळे की मंदीमुळे, कधीच कळणार नाही. शि. म्हणतो, कळून काय करायचंय. जेवला नीट. मी नाही जेवले. मर्सी माझा व्हिसा आमच्या ऑफिसकडून करता येतो का बघणार आहे.

१० सप्टेंबर, गुरुवार
काल मेट्रो सुरू झाली. टीव्हीवर दिवसभर तेच. शि. मस्कतच्या एका इंटरव्ह्यूला गेलाय.
डॉक्टरांचा फोन. दुरुस्ती त्यांच्या सहीनं वरच्या ऑफिसला गेली. ‘हीट स्ट्रोक, उन्हात श्रम करताना.’ मंजुरी तिथून यायचीय.
सुनंदाला कळवलं. डॉक्टरांनी लिहून दिलंय, अजून पक्का कागद नाही, असं दोनदा सांगितलं. तिनं ‘उन्हानं?’ एवढंच विचारलं. मग म्हणाली, "म्हंजी त्येंचं काळीज चांगलं हुतं." मागे कोणालातरी हाक मारून तेच परत सांगितलं, मोठ्यानं.

१७ सप्टेंबर, गुरुवार
ईदच्या सुट्टीआधी एकदा स्वतः त्या वरच्या ऑफिसात गेले. टोकन, दीड तास. काउंटरवरच्या बाईनं कॉम्प्युटरमध्ये बघितलं. अर्ज आहे. कंपनीनं हरकत घेतलीये. कधीची? परवाची. निर्णय कोणाकडे? आत. आत कोण? तिनं हसून खांदे उडवले.

१ ऑक्टोबर, गुरुवार
मस्कतचं अजून उत्तर नाही. इरा शाळेत जाते, तिला सांगितलंय की दिवाळीपर्यंत इथलं नक्की, पुढचं नाही. "ओके," म्हणाली. मग म्हणाली, "कॅन आय रीड बाबाज लेटर?" दिलं. वाचून घडी घालून परत बाबाच्याच हातात दिलं.
आज परत काउंटर. या वेळी शि. बरोबर. त्याला आत बोलावलं, वीस मिनिटं. बाहेर आल्यावर शर्ट पाठीला चिकटलेला, एसी असून. काय विचारलं? सगळं. काय सांगितलंस? सगळं. दुसरा जो माणूस वर होता, त्यालाही बोलावणार आहेत, तो अजून इथेच असेल तर.
बाई म्हणाली, रविवारी या, इन्शाल्ला.
विचारलं, किती वाजता उघडतं?
साडेसातला.
शि. म्हणाला, आपण सातला येऊ.